इंधन तापवल्याने जहाजाच्या इंजिनाची कार्यक्षमता खरंच वाढते का?

मानेवाड्याचा पाचवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल झाल्यावर जीएमई (जहाज इंजिनियरचा कोर्स) केलं, जहाजावरचा पहिला करार संपवून सध्या घरी आहे. क्लास फोरच्या (जहाज इंजिनियरच्या पहिल्या परवान्याच्या) ओरल्सची तयारी चालू आहे.

वाडीला बाबांच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांचा ट्रकचा धंदा. त्यांच्याकडे एक जण डिझेल लाइनवर बसवायचा हीटर विकायला आला. म्हणे इंधन गरम करून दिलं की अ‍ॅव्हरेज वाढतो, मोठमोठ्या जहाजांवर हेच करतात. काकांनी लगेच मला फोन लावला. आता हेवी फ्युएल आम्ही १३० अंशांच्या आसपास तापवून इंजिनला देतो हे खरं. पण त्याच जहाजावर गॅस ऑइल (डिझेलसारखं पातळ इंधन) मात्र चिलरमधून गार करून देतो! इंजिन एकच, एक इंधन उकळत्या पाण्याहून गरम लागतं आणि दुसरं गार.

व्हिस्कॉसिटीचे (दाटपणाचे) तक्ते पाठ आहेत. पण तापमानाने कार्यक्षमतेत टक्क्यांच्या हिशेबात किती फरक पडतो, हे कोणी नीट सांगेल का?

तर्री पोहे

झिरो माइलच्या गावात जहाजाचा धागा. वा! खुर्ची धरून बसलो आहे.

अंबाझरीकर

धागाकर्ते, प्रश्न चांगला आहे. मी चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. इंजिनला इंधनाच्या तापमानाशी काही देणंघेणं नसतं. त्याला हवी असते ठरावीक व्हिस्कॉसिटी, म्हणजे नोझलपाशी इंधन किती पातळ आहे ते. मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनला इंजिनच्या तोंडाशी साधारण १० ते १५ सेंटिस्टोक (व्हिस्कॉसिटीचं एकक, आकडा मोठा तितकं तेल दाट) लागतं. आरएमजी ३८० जातीचं हेवी फ्युएल ५० अंशांना ३८० सेंटिस्टोकपर्यंत असू शकतं. ते १३ वर आणायचं तर १३०च्या आसपास जावंच लागतं. १८०चं इंधन असेल तर १२०च्या आसपास काम होतं. आणि गॅस ऑइल? ते ४० अंशांनाच २ ते ६ सेंटिस्टोक असतं. ते आधीच पातळ, आणखी तापवून त्याचं करायचं काय?

आता व्हिस्कॉसिटी चुकली तर काय होतं? इंधन दाट राहिलं तर फवाऱ्याचे थेंब मोठे होतात. मोठा थेंब उशिरा पेटतो आणि उशिरापर्यंत जळत राहतो. पिस्टन खाली निघाला तरी जाळ चालूच, म्हणजे ती उष्णता पिस्टन ढकलायच्या कामी न येता चिमणीवाटे जाते. एक्झॉस्टचं तापमान चढतं, पीमॅक्स (सिलिंडरमधला कमाल दाब) उतरतो, नोझलच्या टोकाशी काजळीचे शिंगाडे धरतात, लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) न जळलेलं तेल बसतं. शिवाय फ्युएल पंपाला दाट तेल ढकलायचं म्हणून हाय प्रेशर पाइपमध्ये दाब नको तितका वाढतो.

उलट फार पातळ झालं तर पंपाचा प्लंजर (आतला दांडा) आणि बॅरल (बाहेरची नळी) यांच्यामधल्या फटीतून गळती वाढते. ही फट काही मायक्रॉनची असते. तेवढ्याच लोडला पंपाचा इंडेक्स (दर स्ट्रोकला किती तेल ढकलायचं त्याचा आकडा) वर चढतो, आणि फारच पातळ झालं तर प्लंजरला वंगण उरत नाही. तो अडकला की गेला.

पुरानी दिल्ली रोड

पण सर, १३०ऐवजी १५०ला ठेवलं तर फवारा आणखी बारीक होईल ना? मग १०च्या खाली आणून बघायला काय हरकत आहे? बारीक थेंब म्हणजे जास्त चांगलं ज्वलन, हे तर तुम्हीच वर म्हणालात.

अंबाझरीकर

हरकत आहे. एका मर्यादेपर्यंत थेंब बारीक होण्याचा फायदा मिळतो, नोझल त्याच हिशेबाने बनवलेलं असतं. त्यापुढे फवाऱ्याची पोच कमी होते. ९० सेंटिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये इंधन हवेपर्यंत पोचायलाही हवं.

दुसरं, १५० ही जवळपास शेवटची रेघ. त्यापुढे हीटरच्या नळ्यांना आतून कोळसा धरतो. मग त्याच तापमानासाठी जास्त वाफ लागते, जास्त वाफेने आणखी कोळसा धरतो, असं दुष्टचक्र. इंधनात थोडंफार पाणी असतंच, त्याची वाफ झाली की पंप हवा खातो. म्हणून तर सर्क्युलेटिंग लाइन ७-८ बार दाबाखाली ठेवतात. १५० अंशांना पाणी उकळू नये म्हणून जवळपास ५ बार लागतात, वरचे तुमची सुरक्षितता.

तर्री पोहे

एक अडाणी प्रश्न. इंधनाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) ६० अंश असतो असं वाचलं होतं. मग १३०ला तेल फिरतंय आणि जहाज पेट कसं घेत नाही?

अंबाझरीकर

अडाणी मुळीच नाही, ओरलला हाच विचारतात. ६० ही जहाजावर घ्यायच्या इंधनासाठी किमान मर्यादा. हेवी फ्युएलचा प्रत्यक्षातला आकडा बहुधा याहून बराच वर असतो. फ्लॅश पॉइंटला वाफ पेटते ती उघड्यावर, हवेशी मिसळल्यावर. बंद, दाबाखालच्या पाइपमध्ये हवाच नसते. भीती असते ती गळतीची. म्हणून हाय प्रेशर पाइप दुहेरी कवचाचे असतात, आतला फुटला तर तेल कवचातून गळती टाकीत जातं आणि अलार्म वाजतो. एक्झॉस्ट पाइपवर इन्सुलेशन आणि वर पत्रा. इंजिन रूममधल्या बऱ्याच आगी तेल उडून गरम पृष्ठभागावर पडल्यानेच लागतात. त्यामुळे लॅगिंगचा (या इन्सुलेशनचा) एखादा तुकडा सुटलेला दिसला तर "नंतर बघू" म्हणायचं नाही.

धरमपेठची मेकॅनिकल

व्हीएनआयटीतून मेकॅनिकल, जहाजावर कधी पाय ठेवलेला नाही. पण टक्क्यांचा प्रश्न आहे म्हणून थोडं गणित करते.

हेवी फ्युएल ५० वरून १३०ला न्यायचं म्हणजे ८० अंश. विशिष्ट उष्मा साधारण २ किलोज्यूल धरला तर किलोमागे १६० किलोज्यूल. त्याच किलोत जळून निघणारी ऊर्जा आहे ४०,००० किलोज्यूलच्या वर. म्हणजे तापवून आपण घातली किती? ०.४ टक्के. आणि ती उष्णता तशीच्या तशी शाफ्टवर येत नाही, तिच्यातलाही अर्धाच भाग कामाला येईल. "गरम इंधनात जास्त ऊर्जा असते" हा युक्तिवाद इथेच संपला. तापवण्याचा फायदा फक्त फवाऱ्याच्या वाटेने मिळतो, हे अंबाझरीकरांनी सांगितलंच आहे.

अवांतर: तेल तापवायची ही वाफ समुद्रात असताना एक्झॉस्टवरच्या इकॉनॉमायझरमधून जवळपास फुकट मिळते ना? मग बंदरात बॉयलर पेटवावा लागत असेल.

अंबाझरीकर

बरोबर. आणि कार्यक्षमतेचे खरे पैसे तिथेच जातात, पण तिकडे कोणी बघत नाही. बंकर टाक्या (जहाजाचं इंधन साठवायच्या) उगाच ६०-६५ला ठेवल्या, स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा) गळका राहिला, की बॉयलर दिवसरात्र तेल खातो. साठवण टाकी पंपाला ओढता येईल इतपत, म्हणजे ४०-४५ला ठेवली तरी पुरते. सेटलिंग टाकी (पाणी-गाळ खाली बसवायची) ६०-७०, प्युरिफायरला (गरगर फिरवून घाण काढणारं यंत्र) ९८, सर्व्हिस टाकी (इंजिनला तेल देणारी) ८०-९०. इथे प्युरिफायरच्या ९८वर मात्र तडजोड नको. ९०ला तेल दाट आणि जड असतं, कॅट फाइन्स (रिफायनरीतून तेलात आलेले अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचे कडक कण) बाहेर पडत नाहीत. इंधनात अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन ६० पीपीएमपर्यंत चालतं, इंजिनला मात्र १५च्या आत हवं. मधलं काम प्युरिफायरचं. तिथे आळस केला तर लायनर काही आठवड्यांत खाल्लेले दिसतात.

आता टक्के. व्हिस्कॉसिटी १३ची १६ झाली म्हणून खपात जहाजावर मोजता येईल असा फरक पडत नाही. २५-३० झाली तर एक्झॉस्टवर दिसतो. त्यापेक्षा हवेचं तापमान बघा. मॅन या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात हिशेब दिलेला आहे: स्कॅव्हेंज एअर (सिलिंडरला जाणारी हवा) कूलरचं पाणी १० अंशांनी गरम झालं की इंधनाचा खप ०.६ टक्के वाढतो, ब्लोअरकडे येणारी हवा १० अंशांनी गरम झाली तर ०.२ टक्के. शॉप ट्रायलचे (कारखान्यातल्या चाचणीचे) आकडे २५ अंश हवा आणि ४२,७०० किलोज्यूलच्या इंधनावरचे असतात. फारसच्या आखातात जुलैत तेच आकडे मागणाऱ्या ऑफिसला काय सांगणार! एअर कूलर स्वच्छ ठेवा, त्यात जास्त हाती लागतं.

वाडीवाला

मीच तो हीटरवाला काका. पोराने लिंक पाठवली. सगळं वाचून राहिलो, अर्धं डोक्यावरून गेलं. मले सरळ सांगा जी, ट्रकमध्ये डिझेल गरम करून फायदा आहे का नाई? तो हीटरवाला सांगत होता की घनता कमी होते, म्हणून कमी डिझेल लागते.

धरमपेठची मेकॅनिकल

काका, घनता कमी होते हे खरं, पण त्याचा अर्थ तो लावतो तसा नाही. डिझेल अंशामागे साधारण ०.०८ टक्के फुगतं. तुम्ही ३०० लिटर भरलं आणि ते १० अंशांनी तापलं तर जवळपास अडीच लिटर जास्त दिसेल, वजन तेवढंच राहील. ऊर्जा वजनात असते, लिटरमध्ये नाही. विकत घेतल्यानंतर लाइनमध्ये तापवल्याने काही वाचत नाही. पंप एका स्ट्रोकला ठरलेलं आकारमान ढकलतो. डिझेल फुगलेलं असेल तर वजनाने कमी जातं, गाडी ओढायला थोडी हलकी पडते, ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो. शेवटी जमाखर्च तिथेच. नव्या कॉमन रेल गाड्यांत ईसीयू (इंजिनचा संगणक) इंधनाचं तापमान मोजून ते आपोआप सांभाळून घेतं, तिथे तर हीटरला काहीच काम उरत नाही.

वाडीवाला

म्हणजे हीटर कायले लावतात मग? काही गाड्यांत कंपनीचाच येते ना.

मानेवाड्याचा पाचवा

काका, तो लेह-लडाखसाठी. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो, तो मोकळा ठेवायला फिल्टरपाशी हीटर असतो. आपल्याकडे मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली तर टाकी हात लावू देत नाही, तिथे हीटर?

वाडीवाला

हाव ना, हे पटलं. उलट मे महिन्यात टाकी अर्ध्याखाली गेली की जुन्या गाड्या चढाला रडतात, हे ड्रायव्हर सांगतात. मी त्यांनाच शिव्या घालत होतो.

धरमपेठची मेकॅनिकल

त्यांचं खरं असू शकतं. इंजेक्टरकडून टाकीत परत येणारं डिझेल गरम असतं. टाकी भरलेली असली तर ते बाकीच्या डिझेलमध्ये मुरतं, रिकामी असली तर तेच ते गरम डिझेल फिरत राहतं. उन्हाळ्यात टाकी पाऊण भरलेली ठेवून बघा. सकाळी लवकर भरल्याने जास्त मिळतं ही समजूत मात्र सोडा. पंपाची टाकी जमिनीखाली असते, सकाळ-दुपारमध्ये तिथलं तापमान फारसं हलत नाही. त्यापेक्षा पंपावर डेन्सिटी (घनता) तपासून मागा, तो तुमचा हक्क आहे. १५ अंशांच्या हिशेबात बदललेली डेन्सिटी आणि चलनावरची डेन्सिटी यांत घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नको.

तिसरा इंजिनियर, सध्या जहाजावर

नेट मिळालं म्हणून लिहितो. सगळे आरएमजी ३८०वर बोलताय, पण २०२० नंतर स्क्रबर (धुरातलं गंधक धुणारं यंत्र) नसलेल्या जहाजांवर बहुतेक व्हीएलएसएफओच (कमी गंधकाचं इंधन) येतं, ०.५० टक्के गंधकाचं. इथे "१३०ला ठेवा" हे पाठांतर महागात पडतं. एका बंदरातलं तेल ५० अंशांना ३०-४० सेंटिस्टोक निघतं, पुढच्या बंदरातलं ३००. पहिलं १३०ला नेलं तर पाण्यासारखं होईल. त्यामुळे कंट्रोलर नेहमी व्हिस्कॉसिटी मोडवर, टेंपरेचर मोडवर नाही.

आणि उलटी बाजू: ही तेलं पातळ असली तरी मेणचट असतात. पोअर पॉइंट (ज्या तापमानाखाली तेल वाहत नाही) ३०पर्यंत चालतो. डिसेंबरात नागपूरला सकाळी बाटलीतलं खोबरेल तेल गोठतं ना, तसं टाकीत होतं. हीटिंग कॉइलच्या भोवती तेवढं पातळ, बाकी घट्ट, आणि ट्रान्सफर पंप नुसता ओरडतो. पोअर पॉइंटच्या किमान १० अंश वर ठेवायचं. कमी तापवलं की मेण, जास्त तापवलं की काही तेलांत गाळ सुटतो. दोन बंकर (वेगवेगळ्या बंदरांत घेतलेली तेलं) एका टाकीत मिसळायच्या आधी स्पॉट टेस्ट (कागदावर थेंब टाकून तेलं जुळतात का ते बघणं) करतोच करतो.

पुरानी दिल्ली रोड

आणि ईसीएत (गंधकावर कडक मर्यादा असलेल्या समुद्रपट्ट्यात) जाताना गॅस ऑइलवर बदलायचं असतं ना? तिथे म्हणे सगळ्यांची तंतरते.

तिसरा इंजिनियर, सध्या जहाजावर

तंतरणारच. २०१५ पासून ईसीएत ०.१० टक्के गंधक. हेवी १३०ला, गॅस ऑइल ४०ला हवं. तापमान मिनिटाला २ अंशांपेक्षा जास्त वेगाने उतरवायचं नाही. ९० अंश उतरायचे म्हणजे पाऊण तास किमान, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण इंजिन जेवढं जाळतं त्याच्या कितीतरी पट तेल लाइनमध्ये फिरत असतं. मिक्सिंग कॉलममधलं (जुनं-नवं तेल मिसळतं त्या उभ्या टाकीतलं) जुनं गरम हेवी सहजी संपत नाही. लोड आधी उतरवून घ्यायचा. हीटरची वाफ वेळेवर बंद, स्टीम ट्रेसिंगही (तेलाच्या पाइपला लागून जाणारी वाफेची नळी) बंद. ट्रेसिंगचा व्हॉल्व्ह बंद करायला विसरणं हा सगळ्यात जास्त घडणारा घोळ. घाई केली की प्लंजर आधी आकसतो की बॅरल, हे पंपच ठरवतो आणि मग अडकतो. चेंजओव्हर (इंधनबदल) चालू असताना मी हात पाइपवर आणि डोळा फ्लो मीटरवर ठेवतो, कंट्रोल रूममध्ये बसून राहत नाही.

फुजैराला उन्हाळ्यात इंजिन रूम ४५-५०. गॅस ऑइलची सर्व्हिस टाकीही तेवढीच. मग इंजिनशी २ सेंटिस्टोकच्या खाली जातं, म्हणून चिलर. पाचव्या, तुझ्या गार-गरमचं उत्तर हेच.

कोराडीकर

आमच्याकडे औष्णिक केंद्रात बॉयलर पेटवायला फर्नेस ऑइल वापरतात, तिथेही हाच खेळ. वाफेने तापवून शंभराच्या पुढे नेल्याशिवाय बर्नरला धड फवारा येत नाही. थंड राहिलं तर चिमणीतून काळा धूर आणि मग गावकऱ्यांचे फोन! इंजिन नाही, पण गणित तेच.

अंबाझरीकर

तापमानाची आणखी एक बाजू राहिली, आणि ती थेट पैशांची आहे. बंकर घेताना मोजतात आकारमान, पैसे देतात टनाचे. मधलं भाषांतर तापमान करतं. बार्जवाल्याने तेल ४५ला असल्याचं लिहिलं आणि प्रत्यक्षात ते ५०ला असेल, तर हेवी फ्युएलमध्ये ०.३ टक्क्यांहून थोडा जास्त फरक. १,००० घनमीटरला तीन टनांवर तेल कागदावरच मिळतं. व्हिस्कॉसिटी नीट सांभाळून महिनाभरात जे वाचवाल ते एका खोट्या थर्मामीटरने जातं.

म्हणून बार्जच्या टाकीत थर्मामीटर आपला सोडायचा. वरून, मधून, खालून, प्रत्येक टाकीत. त्यांचा माणूस चहा पाजतो, गप्पा मारतो, "सर, आकडे लिहून ठेवलेत" म्हणतो. चहा प्यायचा, आकडे आपले घ्यायचे. सिंगापूरने २०१७ पासून मास फ्लो मीटर सक्तीचे केले, ते थेट वजन मोजतात, त्यामुळे तिथे ही भानगड बरीच कमी झाली.

मानेवाड्याचा पाचवा

सगळ्यांचे आभार. शेवटचा एक: ओरलला हमखास विचारतात, "व्हिस्कॉसिटी कंट्रोलर बंद पडला, काय कराल?" एका वाक्यात "मॅन्युअलवर घेईन" म्हटलं की सर्वेयर (परीक्षा घेणारा अधिकारी) पुढे काय विचारेल?

अंबाझरीकर

विचारेल, "मॅन्युअल म्हणजे किती अंश?" तिथे बरेच जण १३० म्हणून मोकळे होतात आणि घरी जातात.

आधी कंट्रोलर खरंच बिघडलाय का ते सांगा. तापमान स्थिर आहे आणि व्हिस्कॉसिटीचा काटा एकदम उडाला, तर बहुधा सेन्सर चोंदलाय. दोन्ही एकत्र वरखाली होत असतील तर स्टीम व्हॉल्व्ह बघा. मग बायपासवर घ्या. लॅबच्या रिपोर्टमध्ये त्या बंकरची ५० अंशांची व्हिस्कॉसिटी असते, ती घेऊन तक्त्यात १३ सेंटिस्टोकची रेघ गाठा, जे तापमान येईल ते ठेवा. दोन बंकर बदलून वापरत असाल तर चालू टाकी कुठली हे पक्कं करा. पुढचा वॉचभर (ड्युटीची पाळीभर) फ्युएल इंडेक्स, एक्झॉस्ट आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब यांवर लक्ष. लोड तोच असून इंडेक्स चढला तर तेल पातळ, एक्झॉस्ट चढलं आणि फिल्टरचा फरक वाढला तर दाट. हीटर दोन असतात, एक स्टँडबाय, हे सांगायला विसरू नका.

आणि मुंबईला जाताना जहाजावरचे स्वतःचे लॉगचे आकडे लक्षात ठेवून जा. सर्वेयर "तुमच्या जहाजावर किती होतं?" असं विचारतोच.

तिसरा इंजिनियर, सध्या जहाजावर

मला विचारलं होतं. वर "किती बारला?" हेही.